भीमनगरचं पाणी, सारजाबाईचा पाय

नर्सिंगच्या पोरीला पिशवी जमिनीवर ठेवता येत नाही. गावात घरोघरी जाऊन काम शिकायच्या पोस्टिंगला पोरी निघाल्या की ट्यूटर मॅडम पहिलं हेच बजावतात. घरात गेलं की आधी जुना पेपर अंथरायचा, त्यावर पिशवी ठेवायची. पिशवीतनं साबण आणि टॉवेल काढायचा, त्याच घरचं पाणी घेऊन हात धुवायचे, आणि मग बाकीच्या सामानाला हात घालायचा. इतकं साधं आहे. पण आपल्या गावांत पाणी साधं नसतं, हे त्या पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आम्रपाली सिद्धोधन वाव्हळे तिसऱ्या वर्षाला होती. गाव पालम तालुक्यातलं, कॉलेज परभणीत. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. पोरगी निम्मी फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढली, निम्मी वसतिगृहात. नर्सिंगला आली तेव्हा लोकांना वाटलं, पांढरा ड्रेस घालायचा आणि सुई टोचायची, अजून काय असतं. लोकांना काय जातंय म्हणायला. पहिल्या वर्षी वॉर्डात उभं राहून राहून तिच्या पोटऱ्या दगड व्हायच्या. केसांचा अंबाडा जाळीतनं सुटला तरी बोलणी, इस्त्री मोडली तरी बोलणी. पेशंटला काय होतंय ते तिला मराठीत बरोबर कळायचं, पण लिहायचं इंग्रजीत, आणि एक स्पेलिंग चुकलं की सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर कागद हलवून दाखवायच्या. रडायला जागा म्हणजे वॉर्डाच्या चादरी, लिनन ठेवायची खोली. तिथंही आधीच कुणीतरी रडत असायची.

तिसऱ्या वर्षी ती रडत नव्हती. म्हाताऱ्या माणसाची शीर कुणाला सापडली नाही की सिस्टर म्हणायच्या, वाव्हळेला बोलवा. हे तिनं स्वतः मिळवलं होतं. कुणाच्या बापाची मेहरबानी नव्हती.

पोस्टिंगचं गाव पोखर्णीच्या रस्त्याला, फाट्यावरनं आत. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारची गावं म्हणतील, आमच्यात असलं काही नसतं, आणि ते खोटं असेल. प्रत्येक पोरीला एक घर. पोस्टिंग संपेपर्यंत, दोन महिने, त्याच घरी जायचं, आणि शेवटच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक त्याच घरी येऊन काम बघणार. घर सुटलं तर पोस्टिंग गेली, पोस्टिंग गेली तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. आम्रपालीच्या चिठ्ठीत सारजाबाईचं घर निघालं.

सारजाबाई ओसरीवर बाजेवर बसलेली होती. अंगात शुगर, उजव्या तळव्याला अंगठ्याखाली जखम. परभणीच्या डॉक्टरनं रोज ड्रेसिंग करायला सांगितलेलं. पण रोज करणार कोण? मुलगा वैजीनाथ शेतात. सून विजयमाला जखम बघितली की ओकायला पळायची. गावातला कंपाउंडर मनात आलं तर यायचा.

आम्रपालीनं पेपर अंथरला आणि पिशवी ठेवली. सारजाबाई बघत होती.

"आमची भुई वंगाळ हाय का गं?"

"भुई चांगली हाय, आजी. पिशवीच लाडाची हाय."

"म्हंजी आमच्या सुनंवानी."

"ऐकायलेय मी, आत्याबाई," आतून विजयमाला म्हणाली.

तिघी हसल्या. आम्रपालीनं साबण काढला. "वहिनी, हात धुवायला पाणी घेते," म्हणून ती दारातल्या रांजणाकडं निघाली.

"थांब," सारजाबाई म्हणाली. "नाव काय म्हणलीस?"

"आम्रपाली."

"ते कळलं. पुढं काय लावतीस?"

ॲप्रनवर पाटी होती, पूर्ण नाव होतं. सारजाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तोंडानं सांगितलं. "वाव्हळे."

सारजाबाईनं पाय बाजेवर घेतला आणि लुगडं त्यावर ओढलं. "आज राहू दे. आज अमावस्या हाय."

"अमावस्या परवाच झाली, आजी."

"मग अजून काय तरी आसंल. राहू दे."

दुसऱ्या दिवशी विजयमाला दारातच उभी. ती खाली बघत म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, दुसरी पोरगी धाडा."

हे मॅडमच्या कानावर गेलं. मॅडमनी फार विचार केला नाही, कारण करायची गरजच नव्हती. दरवर्षी एखाद्या पोरीचं असं व्हायचं आणि दरवर्षी एकच उपाय निघायचा.

"रेणुकाला भीमनगरातलं घर आलंय," मॅडम म्हणाल्या. "तिच्याशी बदलून घे. त्यांनाही बरं, तुलाही बरं."

"मला बरं नाही, मॅडम. चिठ्ठीत निघालेलं घर आहे माझं."

"वाद नको गं. आपल्याला दरवर्षी या गावात यायचंय."

"मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या? जात विचारूनच घरं वाटायची."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी तुझ्या चांगल्याचं सांगते. शेवटच्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही तर मी काय करणार? माझ्या हातात काय आहे? वर्ष तुझं जाईल."

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मॅडम समजूतदार होत्या.

हॉस्टेलवर जेवताना रेणुकानं दुसराच उपाय काढला. रेणुका राणीसावरगावची, शेतकऱ्याची पोरगी, आम्रपालीच्या शेजारच्या खाटेवरची. "माझी पाटी लाव," ती म्हणाली. "माझं आडनाव कुठंबी खपतंय."

"आन माझी तू लावणार?"

"लावते की."

"लाव. मग सारजाबाईच्या गल्लीत जा, आन पाणी माग."

रेणुका घास तसाच धरून बसली. मग म्हणाली, "बरं, आडनाव सांगूच नको. नुसतं आम्रपाली म्हण."

"आम्रपाली म्हणलं की निम्मं कळतंयच."

दोघी हसल्या, पण रेणुका आधी थांबली. "राग आला का गं माझा?" तिनं विचारलं. "तुझा न्हाई. भाजी वाढ," आम्रपाली म्हणाली.

आईचा फोन संध्याकाळी यायचा, तोड संपली की. मागं ट्रॅक्टरची घरघर, कुत्री, कुणाचं तरी बाळ रडायचं. कमलबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला काय करावं वाटायलंय?"

"मला तेच घर पायजे, माय."

"मग मला कशाला विचारायलीस?" कमलबाई म्हणाली. "बापाला सांगू नको. तो हितूनच कोयता घेऊन निघंल, आन मुकादम माझ्या नावानं ओरडंल. आधी पास व्हायचं बघ. आन पाटी काढायची न्हाई. त्या नावापायी तुझा बाप शाळंत मास्तरासंगं भांडलेला हाय. मास्तर म्हणला, एवढं मोठं नाव कशाला, मंगल लिहितो. ह्यो म्हणला, मंगल तुझ्या पोरीचं ठेव."

तिसऱ्या दिवशी आम्रपाली कुणाला न विचारता सारजाबाईच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली. बाजेवर सारजाबाई कण्हत होती. पायावर फडकं होतं, फडक्यावर माशा होत्या, आणि वास अंगणातच येत होता.

"आजी, पाय दाखवा."

म्हातारीनं फडक्यावरच्या माशा हाकलल्या. मग जणू मोठ्या मनानं सूट देतेय अशा आवाजात म्हणाली, "कर पायाला काय करायचं ते. पर ओसरीच्या आत यायचं न्हाई, आन रांजणाला हात लावायचा न्हाई. विजयमाला वरून पाणी घालील तुझ्या हातावर."

हे नीट वाचा. पायाला हात चालतो. पू पुसायला, सडलेली कातडी काढायला, माशा हाकलायला वाव्हळेचा हात चालतो. रांजणाला चालत नाही. एवढा हिशोब यांना शाळेत न जाता येतो, पिढ्यान् पिढ्या येतो आणि कधी चुकत नाही.

विजयमाला तांब्या भरून आली होती. तांब्या तिनं खांद्याएवढा उंच धरला होता, धारेलासुद्धा अंतर राहील असा. आणि खरं सांगायचं तर पुस्तकाच्या हिशोबानं त्यात काही चूक नव्हती. हातावर वरून ओतलेलं पाणी चालतं, भांड्यात हात बुचकळण्यापेक्षा तेच चांगलं. आम्रपालीला हे पाठ होतं. पुस्तकाच्या आड उभं राहून हात पुढं केले असते तर कुणी काही म्हणालं नसतं.

"पुस्तकात चालतंय, आजी," ती म्हणाली. "मला चालत न्हाई."

"मग कसं करतीस?"

"तुमचं पाणी नको."

ती पिशवी उचलून चार पावलं गेलीसुद्धा. मग तिला परत तो वास आला. ते फडकं आज सुटलं नाही तर काय होणार हे तिला वॉर्डात बघून माहीत होतं. आधी अंगठा काढतात. मग पंजा. राग त्या बाईवर होता, जखमेवर नव्हता. जखमेनं तिचं आडनाव विचारलेलं नव्हतं.

"आलेच मी," ती म्हणाली आणि गल्ली ओलांडून भीमनगरात गेली.

रेणुका तिथं धुरपताबाईच्या घरात बीपी मोजत बसली होती. धुरपताबाई म्हणजे वस्तीतली थोरली, विहाराची किल्ली तिच्याकडं असायची.

"मावशी, पाणी पायजे," आम्रपाली म्हणाली.

"आधी बस तरी. पी."

"प्यायला न्हाई. हात धुवायला. सारजाबाईचं ड्रेसिंग करायचंय."

धुरपताबाईनं दंडावरचा बीपीचा पट्टा स्वतःच सोडला. काय झालं असेल ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं नळाचं पाणी पातेल्यात घेतलं आणि चुलीवर चढवलं.

"हाताला उकळायची गरज न्हाई, मावशी. साबण हाय."

"असू दे. नाव ठेवायला जागा नको."

पाणी निवलं तेव्हा तिनं ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतलं. डबा तिनं आधी राखेनं घासला होता. आम्रपाली तो घेऊन गल्लीतनं परत निघाली तेव्हा धुरपताबाई दारात उभी राहून बघत होती.

सारजाबाईच्या अंगणात तिनं पेपर अंथरला, साबण काढला, डबा उघडला.

"कुठलं पाणी हाय गं ते?"

"भीमनगरचं. धुरपताबाईच्या घरचं," आम्रपालीनं सरळ सांगितलं. "न्हाई म्हणलात तर मी जाते, आजी. हो म्हणलात तर पाय पुढं करा. माझे हात ह्याच पाण्यानं धुणार."

विजयमालाच्या हातात तांब्या तसाच होता. सारजाबाईनं गल्लीकडं बघितलं, कोण बघतंय का. बघत होते. मग पायात कळ गेली असावी, तिनं डोळे मिटले.

"पायाला तर न्हाई ना लावायचं ते पाणी?"

"पाय सलाईननं धुणार. पाणी माझ्या हाताला."

"आन हात पायाला."

"हात पायाला."

"म्हंजी तेच झालं की."

"तेच झालं," आम्रपाली म्हणाली.

सारजाबाईनं पाय पुढं केला.

त्या दिवसापासून रोज हेच. आम्रपाली गाडीतनं उतरायची, आधी भीमनगरात जायची, डबा घ्यायची आणि भर गावातनं चालत सारजाबाईच्या घरी यायची. पारावर बसलेल्यांना हे बरं वाटत नव्हतं. एकानं विचारलंच, "नर्सबाई, गावात पाणी न्हाई का?"

"हाय की, मामा. सगळ्यांना न्हाई."

भीमनगरात तर बायांची चढाओढच लागली. उद्या आमच्या घरचं ने, परवा आमच्या. धुरपताबाई डबा सोडायला तयार नव्हती. "औषध बदलायचं नसतं मधीच," ती म्हणायची. "सारजाबाईला आमच्याच घरचं मानवलंय." वस्ती पोट धरून हसायची. रेणुका एकदा हसू आवरून म्हणाली, "मीच न्यायला पायजे होता डबा, पहिल्या दिवशी." आम्रपाली म्हणाली, "डबा माझाच हाय. तू झाकण धर." तेव्हापासून गाडीतनं उतरल्यावर दोघी बरोबरच चालायच्या.

सारजाबाई काही बदलली नाही. बदलली असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं, पण मी तशी लिहिणार नाही. ती ड्रेसिंग करून घ्यायची, लेकी-सुनांच्या गोष्टी सांगायची, जोरात दाबलं तर शिव्या द्यायची. अनवाणी फिरायचं बंद केलं, रोज आरशात तळवा बघायला लागली, कारण आम्रपालीनं तंबीच दिली होती. आणि चहा कागदी कपात द्यायची. आम्रपाली तो ओसरीच्या कडेला तसाच ठेवायची.

"चहा सोडलास का गं?"

"कागदातला सोडलाय, आजी."

जखम मात्र ऐकत होती. आधी पिवळी होती, मग लाल झाली, मग कडेनं आत आत भरत आली. वैजीनाथ आईला परभणीला दाखवून आला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणले, ड्रेसिंग करणाराचा हात चांगला हाय." हात कुणाचा ते त्यानं डॉक्टरला सांगितलं की नाही, ते त्यालाच ठाऊक.

शेवटचा दिवस आला. परीक्षक नांदेडहून आलेल्या, पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या पुढं चालत होत्या तेव्हा मॅडम आम्रपालीजवळ आल्या.

"हे बघ, पाण्याचं विचारलं तर म्हण, उकळून आणते, स्वच्छ असतं म्हणून. खोटंही नाही ते. एवढंच बोल आणि पुढच्या कामाला लाग."

खोटं खरंच नव्हतं. म्हणूनच ते वाईट होतं.

सारजाबाईच्या घरी वैजीनाथ धुतलेला शर्ट घालून थांबला होता. खुर्च्या मांडलेल्या. आम्रपालीनं पेपर अंथरला, पिशवी ठेवली, साबण काढला, डब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, कोरडे केले. परीक्षकांनी सगळं बघितलं आणि मग विचारलं,

"हाताला पाणी कुठून आणलंत?"

"भीमनगरातून, मॅडम."

"घरात रांजण दिसतोय मला. त्या घरातल्या साधनांवर काम करायला शिकवतात ना तुम्हाला? मग घरचं का नाही घेतलं?"

"ती उकळून आणते, मॅडम," ट्यूटर मॅडम पटकन म्हणाल्या. "स्वच्छ असावं म्हणून."

परीक्षकांनी आम्रपालीकडंच बघितलं. "म्हणून?"

सगळं वर्ष त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. हो म्हटलं की संपलं. वैजीनाथ शर्टाचं बटण चाळत होता. विजयमाला दारात होती. पाटी ॲप्रनवर होती.

"उकळलेलं आहे, मॅडम, पण म्हणून नाही आणत," आम्रपाली म्हणाली. "मी वाव्हळे आहे. या घरात मला रांजणाला हात लावू देत नाहीत. वरून ओततो म्हणाले, ते मला घ्यायचं नव्हतं. ड्रेसिंग तर थांबवता येत नव्हतं. म्हणून तिकडून आणते, रोज."

"तसं काय न्हाई, मॅडम," वैजीनाथ उठला. "पोरीचा जरा गैरसमज—"

"गप बस, वैज्या," बाजेवरनं सारजाबाई म्हणाली. "मीच म्हणले होते. ती कामून खोटं बोलंल?"

सगळ्यांच्या नजरा रांजणाकडं गेल्या. सारजाबाईलाच ते सोसेना. तिनं सुनेकडं मान वळवली. "विजयमाला, तांब्या भर. दे तिच्या हातात."

विजयमालानं रांजणातनं तांब्या भरला आणि अंगणात येऊन आम्रपालीपुढं धरला. या वेळी उंच धरला नव्हता, समोर धरला होता, हाताला हात लागेल असा. सगळे बघत होते. आता पोरगी तांब्या घेणार, डोळ्यांत पाणी येणार आणि सगळे सुटणार, अशीच सगळ्यांची समजूत होती.

आम्रपालीनं धुतलेले हात छातीजवळ, कशाला लागणार नाहीत असे धरले होते.

"हात धुऊन झालेत माझे, वहिनी," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कशाला हात लावला तर परत धुवावे लागतील. ठेवा तो बाजूला. आजी, पाय पुढं करा."

आणि तिनं पट्टी सोडायला घेतली.

परीक्षकांनी पुढं फक्त पायाबद्दल विचारलं. शुगरच्या पेशंटला पायाला लागलेलं लवकर का कळत नाही, पेशंटला घरी काय सांगायचं, कुठली खूण दिसली की थेट हॉस्पिटलला पाठवायचं. आम्रपालीनं सगळं सांगितलं. सांगताना तिचे हात थांबले नाहीत. पट्टी बांधून झाली तेव्हा परीक्षकांनी पेन काढलं.

"पूर्ण नाव?"

"आम्रपाली सिद्धोधन वाव्हळे."

त्यांनी ते लिहिलं, पुढं सही केली, आणि "पास," म्हणून पुढच्या घराकडं निघाल्या.

फाट्यावर गाडीपाशी ट्यूटर मॅडम तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या चिडलेल्या होत्या, पण आवाज चढवत नव्हत्या. "एवढं सांगायची काय गरज होती? बरे मार्क पडले असते."

"त्यांनी विचारलं, मॅडम."

"फार राग आहे तुझ्या अंगात. उद्या वॉर्डात कसं व्हायचं तुझं?"

"राग आहे," आम्रपाली म्हणाली. "पण पेशंटवर नाही काढत मी. तुम्ही पाय बघितला ना आत्ता?"

मॅडमनी बघितला होता. पहिल्या ड्रेसिंगच्या दिवशी ज्या जखमेचा वास अंगणात येत होता, ती आज नखाएवढी उरली होती, कोरडी, गुलाबी, कडेनं नवी कातडी आलेली.